मार्चमध्ये झाडे कशी लावावीत

सामाजिक संस्था काढलीत? अभिनंदन. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी झाली, आयकर सवलतीचं १२ए आणि ८०जी हातात आलं, कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा, म्हणजे सीएसआरचा, पैसा घेण्यासाठी एप्रिल २०२१ पासून लागणारा सीएसआर-१ फॉर्मही भरून झाला, म्हणजे कंपनीच्या दारात उभं राहण्याची पात्रता तुम्ही मिळवली. आता आत कसं शिरायचं ते ऐका.

गावाला काय हवं, हा प्रश्न आधी डोक्यातून काढून टाका. मराठवाड्यातल्या केज-कळंब पट्ट्यातला एखादा सरपंच तुम्हाला गाठून सांगेलच, "साहेब, टाकी हाय, नळ हायत, फकस्त मोटर जळालीय अन् पाइप फुटलाय. तेवढं बघा." तेवढं अजिबात बघू नका. जळालेली मोटर भरून आणली तर फीत कशाची कापणार? पाणी शुद्ध करणारा आरओ प्लांट सुचवा. जिथं टँकरच्या खेपा मोजून पाणी येतं, तिथं त्यातलं बरंचसं नालीत सोडून देणारं यंत्र बसवायला धाडस लागतं, आणि कंपनीच्या मोठ्या साहेबांना धाडसी संस्था आवडतात. विजेचं बिल ग्रामपंचायतीकडे. फिल्टर बदलायची वेळ येईल तेव्हा ते साहेब दुसऱ्या कंपनीत असतील.

गाव निवडताना विमानतळापासूनचं अंतर बघा. प्रस्तावात धाराशिवचा उल्लेख हवाच, नीती आयोगाच्या आकांक्षित, म्हणजे मागे पडलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत तो आहे. काम मात्र दुसऱ्याच जिल्ह्यात, छत्रपती संभाजीनगरमधल्या खुलताबादच्या आसपास सुचवा. चिकलठाणा विमानतळावर उतरून पाहणी उरकली की वेरूळ तिथून जवळ. हिंगोलीतल्या गावांनी वाईट वाटून घेऊ नये, जवळपास लेणी नसणं हा ज्याचा त्याचा भूगोल.

कायद्याचा अभ्यास करा, पण तो दाखवू नका. कंपनी कायदा २०१३, कलम १३५, लागू १ एप्रिल २०१४ पासून. नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांतलं एक जरी कंपनीने गाठलं तरी तिने सामाजिक कामांवर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करायचे. प्रशासकीय खर्चावर ५ टक्क्यांची मर्यादा आहे ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनावर. तुम्हाला मात्र ती तुमच्यावर आहे असं सांगितलं जाईल. मान हलवा. गावात मोटारसायकलवर हिंडणाऱ्या कार्यकर्त्याचा पगार त्याच ५ टक्क्यांत बसवा, नाहीतर त्याला 'स्वयंसेवक' म्हणा. फलक, टोप्या, मंडप आणि ड्रोनचा व्हिडिओ 'कार्यक्रम खर्चात' जातात. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला, आणि मसाल्यावर कुठलीच मर्यादा नाही.

कंपनीचा फोन येईल मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात. "बजेट उरलंय, ३१ तारखेच्या आत काय करता येईल?" इथं चुकूनही कायदा बोलून दाखवू नका. चालू प्रकल्पाला सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षं मिळतात, न खर्चलेली रक्कम ३० एप्रिलपर्यंत वेगळ्या खात्यात टाकता येते, हे त्यांच्या सीएला पाठ असतं. तुम्ही म्हणायचं, "वृक्षारोपण." मराठवाड्यात मार्चअखेर रोप लावणं हा मान्सूनवरचा नव्हे, ऑडिटरवरचा विश्वास आहे. खड्डा, रोप, साहेब, झारी, एवढं फोटोत आलं की झालं. रोपं जगली का, हे पुढच्या मार्चमध्ये कोणी विचारत नाही; तेच खड्डे तोवर पुन्हा रिकामे झालेले असतात.

थोडा अनुभव आला की तलावातल्या गाळाकडे वळा. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना २०१७ ची. मशीन संस्थेचं किंवा कंपनीचं, डिझेल सरकारचं, वाहतूक शेतकऱ्याची, अशी तेव्हाची वाटणी होती. एकाच तलावातला तोच गाळ सरकारच्या अहवालात निघतो, कंपनीच्या निघतो आणि तुमच्याही. तीनदा निघूनही तलाव तेवढाच राहतो, हा जलशास्त्रातला चमत्कार म्हणायचा. ट्रॅक्टरचं भाडं भरणाऱ्या शेतकऱ्याचा अहवाल नसतो, त्यामुळे त्याचा गाळ मोजायचं कारण नाही.

राहिलं परिणामांचं मूल्यमापन. सीएसआरची सरासरी जबाबदारी १० कोटी किंवा त्याहून जास्त असलेल्या कंपनीला १ कोटी आणि त्यावरच्या प्रकल्पांचं मूल्यमापन बाहेरच्या संस्थेकडून करून घ्यावं लागतं. म्हणून तुमचा प्रकल्प ९९ लाखांचा ठेवा. तरीही कंपनीला आकडे हवेच असतील, तर शिक्षणाचा प्रकल्प घ्या आणि गाव बीड जिल्ह्यातलं, ऊसतोड कामगारांचं निवडा. पहिलं सर्वेक्षण दिवाळीनंतर करायचं, जेव्हा कोयता घेऊन अर्धं गाव कारखान्यांवर गेलेलं असतं आणि आईबापांसोबत पोरंही. शाळेतली हजेरी बघून डोळ्यांत पाणी येईल. दुसरं सर्वेक्षण जूनअखेर. वर्ग भरलेले! आलेख उभा चढतो, कंपनीचा वार्षिक अहवाल तो मुखपृष्ठावर घेतो. एवढा फरक कशाने पडला, असं कोणी विचारलंच तर 'समुदायाचं योगदान' म्हणा. खोटं काही नाही त्यात, समुदाय खरंच परत आलेला असतो.