कारकुनाला मुदत आहे, मग राज्यपालांना का नाही?

तहसील कार्यालयाच्या भिंतीवर फलक असतो. कुठला दाखला किती दिवसांत, ते त्यावर लिहिलेलं असतं. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यानुसार मुदतीत काम झालं नाही आणि त्याला पटण्यासारखं कारण नसेल, तर त्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. माहिती अधिकाराच्या अर्जाला 30 दिवस. आम्हा नागरिकांना तर उठता-बसता मुदत! वीजबिल, करभरणा, मुलांचे प्रवेश अर्ज, सगळीकडे तारीख उलटली की भोगा. यंदा मुलीच्या प्रवेशासाठी एका दाखल्यामागे इतकं धावलो की चप्पल झिजली. ती मुदत पाळायला लागल्याचा राग नाही. राग याचा आहे की राज्याच्या सर्वोच्च घटनात्मक पदावर बसलेल्या माणसाला मात्र कसलीच मुदत नाही.

विधान परिषदेच्या 78 जागांपैकी 12 जागा राज्यपालनियुक्त. साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा यांतल्या माणसांसाठी त्या राखल्या आहेत. 2020 च्या जूनमध्ये त्या रिकाम्या झाल्या. नोव्हेंबरात महाविकास आघाडी सरकारने 12 नावं राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांच्याकडे पाठवली. हो नाही, नाही नाही, काहीच नाही. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. 2021 च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने सांगितलं की निर्णय घेणं हे राज्यपालांचं कर्तव्य आहे आणि आठ महिने ही वाजवी मुदतीपेक्षा जास्त वेळ आहे. पण कलम 361 मुळे राज्यपाल न्यायालयाला उत्तरदायी नाहीत, त्यामुळे आदेश काढता येत नाही. मग 2022 मध्ये सरकार बदललं आणि नव्या सरकारने यादीच मागे घेतली. शेवटी सात जणांचा शपथविधी झाला तो 15 ऑक्टोबर 2024 ला, विधानसभा निवडणुकीची घोषणा व्हायच्या दिवशी! चार वर्षांहून जास्त काळ एका सभागृहातल्या डझनभर खुर्च्या रिकाम्या, आणि त्याबद्दल कुणालाही एक रुपया दंड नाही.

त्या यादीत खरे साहित्यिक-कलावंत किती होते आणि पक्षांची सोय लावलेली माणसं किती, हा वेगळा संताप आहे. नावं पटत नव्हती तर तसं लिहून परत पाठवायची होती. त्यावर भांडण झालं असतं, पण उत्तर तरी मिळालं असतं.

विधानसभा अध्यक्षपदाचंही तेच. नाना पटोले यांनी 2021 च्या फेब्रुवारीत राजीनामा दिला. त्याच वर्षी डिसेंबरात सरकारने निवडणुकीचा नियम बदलून तारीख मागितली, तर राज्यपालांना नियमबदलावर शंका. पद रिकामंच. मग 30 जून 2022 ला एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले आणि 3 जुलैला अध्यक्षांची निवडणूक पारही पडली. म्हणजे मनात असलं की चार दिवस पुरतात! ज्या बहुमत चाचणीच्या फर्मानाने हा सत्ताबदल झाला, ते फर्मान काढण्याइतका आधार राज्यपालांकडे नव्हता, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 11 मे 2023 ला सांगितलं. तोवर जवळपास वर्ष उलटलं होतं. 2019 च्या 23 नोव्हेंबरला तर पहाटे पावणेसहाच्या सुमारास राष्ट्रपती राजवट उठली आणि आठच्या आसपास शपथविधीही उरकला. घाई हवी तिथे पहाट, नको तिथे वर्षानुवर्षं.

आणि ही एकाच पक्षाची करणी आहे असं कुणी मला सांगू नये. 1980 च्या फेब्रुवारीत शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार बरखास्त झालं तेव्हा दिल्लीत इंदिरा गांधी होत्या. गोव्यात 2005 मध्ये मनोहर पर्रीकरांनी विश्वासदर्शक ठराव जिंकला आणि त्याच दिवशी राज्यपाल एस. सी. जमीर यांनी त्यांचं सरकार बडतर्फ केलं, तेव्हा केंद्रात काँग्रेस आघाडी होती. आज जे ओरडतात ते काल गप्प होते, आणि कालचे ओरडणारे आज गप्प आहेत.

हे पद मुळात असं नको होतं. इंग्रजांच्या 1935 च्या कायद्यात प्रांताच्या गव्हर्नरला स्वतःच्या मर्जीने वागायचे खास अधिकार होते. घटना समितीत आधी विचार होता की राज्यपाल थेट लोकांनी निवडावा. मुख्यमंत्री आणि राज्यपाल अशी दोन निवडून आलेली सत्ताकेंद्रं एकमेकांना भिडतील, या भीतीने 1949 मध्ये राष्ट्रपतींनी नेमलेला राज्यपाल ठरला. तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालेल, त्याला स्वतंत्रपणे करायचं काही काम नाही, असं बाबासाहेबांनी सभागृहाला बजावलं होतं. त्या भरवशावर तारीख लिहिली गेली नाही. विधानसभेने मंजूर केलेल्या विधेयकाला राज्यपालांची संमती लागते, पण त्याबद्दलच्या कलम 200 मध्ये विधेयक परत पाठवायचं तर ‘शक्य तितक्या लवकर’, एवढंच आहे.

केंद्र-राज्य संबंधांवरच्या सरकारिया आयोगाने 1988 मध्ये सांगितलं की नुकतीच सक्रिय राजकारणात असलेली माणसं या पदावर नेमू नका. त्याच विषयावरच्या पुंछी आयोगाने 2010 मध्ये विधेयकांसाठी सहा महिन्यांची मुदत सुचवली आणि विद्यापीठांचं कुलपतिपदही राज्यपालांकडे नको म्हटलं. कुणी ऐकलं? तमिळनाडूची अडवलेली दहा विधेयकं सर्वोच्च न्यायालयाने 2025 च्या एप्रिलमध्ये मंजूर मानली, मुदतही आखून दिली. वाटलं, सुटलो एकदाचे. नोव्हेंबरात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की घटनेत नसलेली मुदत न्यायालय घालू शकत नाही. फार काळ, कारण न देता, फाईल पडून राहिली तर निर्णय घ्या एवढं सांगता येईल. म्हणजे पुन्हा राज्य सरकारने वकील लावायचे, आमच्याच पैशांनी.

ठीक आहे, न्यायालयाला जमत नसेल तर संसदेने करावं. कलम 200 आणि विधान परिषदेवरच्या नेमणुकांचं कलम 171 यांत तीन महिने नाहीतर सहा महिने, जो आकडा पटेल तो घाला. नाकारायचं असेल तर लेखी कारण द्या आणि ते जाहीर करा. राज्यात विरोधी पक्षाचं सरकार असलं की प्रत्येक पक्ष हे मागतो. मग केंद्रात सत्ता असताना घटनादुरुस्ती का आणत नाही, याचं उत्तर मला आमच्या मतदारसंघाच्या खासदाराकडून लेखी हवं आहे, आणि 30 दिवसांत हवं आहे.