'ना' म्हणजे नेहमीच नकार नव्हे

'न' हा ध्वनी बहुतेक भाषांत नकाराचाच असतो, असं तुम्ही वेगवेगळ्या भाषांतल्या नकारावरच्या तुमच्या लेखात म्हटलं आहे. संस्कृत, फारसी, लॅटिन, रशियन यांच्यापुरतं ते खरं आहे, कारण त्या एकाच भाषाकुळातल्या. पण त्याच कुळातल्या ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे 'हो'! शेजारच्या बल्गेरियनमध्ये मात्र तोच 'ने' म्हणजे 'नाही'. कुळाशी काहीही संबंध नसलेल्या कोरियनमध्येही 'ने' हा आदरार्थी होकार आहे. शिवाय कोरियनमध्ये हाच 'ने' चढ्या सुरात विचारला तर 'काय म्हणालात?', आणि नामाआधी आला तर 'चार'.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो जपानी 'ने'. वाक्याच्या शेवटी येतो आणि ऐकणाऱ्याची संमती मागतो, अगदी आपल्या 'छान आहे ना?' मधल्या 'ना'सारखा. पोर्तुगीज 'ने'सुद्धा हेच काम करतो. तो 'नाँव ए' (não é), म्हणजे 'नाही का', याचं आखूड रूप. म्हणजे दोघांचा उगम वेगळा, पण बोलताना माणसाची गरज एकच.

आणि मराठीचं काय? 'सांग ना' मध्ये आर्जव आहे, 'येतोस ना?' मध्ये खात्री करून घेणं, 'ना घर ना दार' मध्ये निखळ नकार. 'ने' म्हटलं तर तृतीयेचा प्रत्यय, नाहीतर 'घेऊन जा' ही आज्ञा. एवढी श्रीमंती घरात असताना लेखात मराठीला एकच ओळ मिळाली, याचं मनापासून वाईट वाटलं. पुढच्या लेखात फक्त या 'ना'वर लिहा ना!