चटणीला गुंतवणूकदार पाहिजे!

तुमच्या शेंगाचटणीचा धंदा चार वर्षं बरा चाललाय, महिन्याला साठ किलो माल जातो, उधारी वसूल होते आणि दिवाळीला चार पैसे उरतात, हे कुणाला बोलू नका. नफा हे कोत्या मनाचं लक्षण आहे. असल्या माणसाच्या वाऱ्याला गुंतवणूकदार उभा राहत नाही.

आधी ‘चटणी’ हा शब्द टाका. आपण ‘शेंगदाणा-आधारित फ्लेवर प्लॅटफॉर्म’ आहोत. मग पिच डेक, म्हणजे गुंतवणूकदाराला दाखवायच्या स्लाइड्स, करा. त्यात एक पान असं हवंच: देशाची लोकसंख्या १४० कोटी, त्यातल्या फक्त एक टक्का लोकांनी महिन्याला पाव किलो खाल्ली, तरी ३५ लाख किलो! हे वाक्य म्हणताना मागच्या खोलीत उखळात दाणे कांडणाऱ्या दोन मावशींचे चेहरे डोळ्यांसमोर आणायचे नाहीत.

आता व्हॅल्युएशन, म्हणजे कंपनीची किंमत. १० टक्के हिश्शाला ५० लाख मागायचे, म्हणजे कंपनी आपोआप ५ कोटींची होते. (२०२१च्या डिसेंबरात ‘शार्क टँक इंडिया’ हा गुंतवणूकदारांपुढे धंदा मांडायचा कार्यक्रम टीव्हीवर आल्यापासून हा हिशेब सोसायटीच्या कट्ट्यावरही तोंडपाठ आहे.) उरलेले ९० टक्के भागीदारांत वाटताना भांडण होईल, होऊ द्या. बाजारात तुरी असतानाच भट भटणीला मारतो. फक्त हा आकडा साताऱ्याच्या मामांना सांगू नका. मी सांगितला. मामा सुपारी कातरता कातरता म्हणाले, “पाच कोटींची कंपनी आहे ना तुझी? मग गेल्या वर्षी नेलेले माझे चाळीस हजार दे की.”

सरकार मात्र तुमच्या पाठीशी आहे. १६ जानेवारी २०१६ला ‘स्टार्टअप इंडिया’ सुरू झालं. त्याच्या चार वर्षं आधी, २०१२ला, ‘एंजल टॅक्स’ आला होता. शेअरची रास्त किंमत ठरवायची आणि कुणी त्याहून जास्त पैसे दिले, तर वरचे पैसे कंपनीचं उत्पन्न धरायचे. म्हणजे भोळसटपणा देणाऱ्याचा, कर घेणाऱ्याला. पुढे मान्यताप्राप्त स्टार्टअपना सवलती मिळाल्या आणि २०२४च्या अर्थसंकल्पात तो कर सगळ्यांसाठीच रद्द झाला. तेव्हा आता बिनधास्त भोळसट माणूस शोधा.

तोवर मुद्रा कर्ज आहेच. पन्नास हजारांपर्यंत ‘शिशू’, पाच लाखांपर्यंत ‘किशोर’, त्यापुढे ‘तरुण’. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी ‘शिशू’च्या खिडकीत उभं राहण्यात एक वेगळीच गंमत असते. या कर्जाला तारण लागत नाही, हे बँकेतल्या साहेबांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. म्हणूनच ते तारणाचं नाव न काढता नुसतं विचारतात, “घर कुणाच्या नावावर आहे?”

कुणी म्हणेल, पूर्वी बरं होतं. १९१० साली औंधच्या राजांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला, त्यावर कारखाना उभा राहिला, लोखंडी नांगर निघाले. पण लक्ष्मणरावांकडे पिच डेक नव्हता आणि ‘एक्झिट कधी?’, म्हणजे हिस्सा विकून पैसे कधी सुटणार, हे विचारणं राजांना सुचलं नाही. म्हणून तर त्या जागेला नुसती ‘वाडी’ म्हणतात.

मुख्य भेट पुण्यात बाणेरला, काचेच्या कॉफीवाल्याकडे. गुंतवणूकदार तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आणि चाळीस मिनिटं उशिरा येईल. ‘बर्न किती?’ असं त्याने विचारलं, तर चटणी तिखट नाही म्हणून सांगू नका; महिन्याला किती पैसे जाळता, असं त्याला म्हणायचं असतं. ‘काहीच नाही’ या उत्तराने त्याचा चेहरा पडतो. दोन कॉफ्यांचे साडेसहाशे तुम्हीच द्यायचे. एवढे पैसे सुटायला किती किलो चटणी विकावी लागते, हा हिशेब बिल येईपर्यंत मनातसुद्धा करू नका.

तुमच्या पहिल्या गुंतवणूकदाराचं नाव त्याच्यासमोर काढायचं नाही. तिच्या दोन पाटल्या चार वर्षांपूर्वी सोनेतारणात गेल्या आणि दीड वर्षाने सुटल्या. तिने ना टर्मशीट (अटींचा कागद) मागितली, ना टक्के. कागदोपत्री ती कुठेच नाही. चटणीची कृतीही तिच्याच आईची, सोलापूरची, पण डेकवर ती ‘आमचं आर अँड डी’ म्हणून येते.

शेवटी नमुन्याचा डबा पुढे सरकवा. तो चिमूटभर तोंडात टाकेल, डोळे मिटेल, पुन्हा चिमूट घेईल. मग म्हणेल, “स्केल होणार नाही, पण मम्मीला आवडेल,” आणि डबा घेऊन उठेल. इथे मात्र मान-अपमान विसरून पार्किंगपर्यंत त्याच्या मागे पळत जा. चटणी गेली तर जाऊ दे. डबा स्टीलचा आहे आणि त्याच्या बुडावर सासूबाईंचं नाव कोरलेलं आहे.