ज्यांचे नेहमीचे सॅचुरेशनच नव्वद असते

कोविडने झालेल्या मृत्यूच्या बातमीखाली ‘रुग्णाला आधीपासून फुप्फुसाचा आजार होता’ अशी ओळ असली की वाचणाऱ्याला थोडे हायसे वाटायचे, हे त्या दोन वर्षांत मला वारंवार जाणवले. ज्यांच्या घरात असा रुग्ण होता त्यांना मात्र ती ओळ धडकी भरवायची. माझ्या आत्याला सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन कायम धाप लागणारा फुप्फुसांचा जुनाट आजार आहे. तिने आयुष्यात विडीला हात लावलेला नाही. पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्यांच्या धुरात चुलीपुढे अर्धे आयुष्य गेले, एवढेच कारण. 2016 साली भारतात सीओपीडीचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण असल्याचा अंदाज ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता, म्हणजे ही काही तुरळक माणसांची गोष्ट नव्हे. तरीही महामारीतले बहुतेक नियम या माणसांची फुप्फुसे तुमच्याआमच्यासारखीच आहेत असे गृहीत धरून केले गेले, असे माझे स्पष्ट मत आहे.

ऑक्सिमीटरचेच घ्या. सॅचुरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचे टक्क्यांतले प्रमाण, 94 च्या खाली गेले की रुग्णालय गाठायचे, हा आकडा घरोघरी पाठ झाला होता आणि निरोगी माणसासाठी तो योग्यच होता. आत्याचे सॅचुरेशन एरवीच 89-90 असते. 2020 च्या पावसाळ्यात तिच्या पायांवर सूज चढली म्हणून आतेभाऊ तिला ठाण्यातल्याच एका दवाखान्यात घेऊन गेला, तर दारातच कंपाउंडरने बोटाला ऑक्सिमीटर लावला, आकडा पाहिला आणि आधी कोविडची तपासणी करून या म्हणून त्यांना परत पाठवले. ताप नव्हता, आणि खोकला होता तो वर्षानुवर्षांचा. भावाने जुन्या फायली उघडून दाखवल्या, पण त्या वाचायला कोणाला सवड नव्हती. सूज उतरवण्याची गोळी त्यामुळे दोन दिवस उशिरा सुरू झाली.

याच आकड्याचा दुसरा धोका अधिक गंभीर आहे आणि त्याविषयी फार कमी बोलले गेले. सीओपीडीच्या काही रुग्णांच्या शरीरात कार्बन डायऑक्साइड साठून राहतो. अशा रुग्णाला ‘चांगला 98 पर्यंत आणू’ या सद्‌हेतूने भरमसाट ऑक्सिजन दिला, तर कार्बन डायऑक्साइड आणखी वाढतो, रुग्णाला गुंगी येते आणि पाहणाऱ्यांना वाटते की त्याला आता आराम पडला. त्याचे सॅचुरेशन 88 ते 92 च्या दरम्यान राखायचे असते. टास्मानियात रुग्णवाहिकेतल्या रुग्णांवर झालेल्या आणि 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा मोजूनमापून ऑक्सिजन दिलेल्यांमधले मृत्यू, सरसकट जास्त ऑक्सिजन दिलेल्यांच्या तुलनेत निम्म्याहून कमी आढळले होते. कोविडमुळे फुप्फुसे बिघडलेल्या तरुणाच्या शेजारच्या खाटेवर असा रुग्ण असेल, तर दोघांच्या सिलिंडरची चावी सारखीच फिरवून चालत नाही.

लसीकरणाच्या वेळची अट तर वाचण्यासारखी होती. 1 मार्च 2021 पासून 45 ते 59 वयोगटातल्या सहव्याधी असलेल्यांना लस खुली झाली. वीस आजारांच्या त्या यादीत फुप्फुसाच्या आजारासाठी अट अशी, की आजार तीव्र असावा आणि गेल्या दोन वर्षांत त्यासाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागलेले असावे, किंवा फुंकून करायच्या तपासणीतला एफईव्ही-1, म्हणजे पहिल्या सेकंदात जोराने बाहेर फुंकलेली हवा, अपेक्षेच्या निम्म्याहून कमी असावा. आदल्या वर्षभरात ही माणसे रुग्णालयाच्या वाऱ्यालाही उभी राहत नव्हती आणि संसर्गाच्या भीतीने फुंकण्याची तपासणी ठिकठिकाणी बंद होती. मग पुरावा आणायचा कुठून? महिन्याभरात पंचेचाळिशीवरच्या सगळ्यांनाच लस खुली झाली म्हणून हा प्रश्न आपोआप मिटला, कोणी सोडवला म्हणून नव्हे.

एक गोष्ट मात्र उलट घडली आणि तीही सांगायला हवी. दर हिवाळ्यात दम वाढून दवाखान्यात भरती होणारी आत्या त्या पहिल्या हिवाळ्यात घरीच राहिली. अनेक देशांत त्या काळात सीओपीडी बळावून दाखल होणाऱ्यांची संख्या मोठ्या प्रमाणात घटली. मास्क, घरात राहणे, फ्लूची जवळजवळ न आलेली साथ आणि काही काळ निवळलेली हवा या सगळ्यांचा त्यात वाटा असावा. या रुग्णांजवळ सर्दी-पडशाच्या माणसाने तोंड झाकून जावे, एवढे साधे पथ्य आपण नंतर किती झटकन सोडून दिले! अर्थात घरात राहण्याची किंमतही होतीच. चालणे सुटले, मांड्यांतली ताकद गेली, आणि नंतर न्हाणीघरापर्यंत जातानाही तिला धाप लागू लागली.

घरी ऑक्सिजन घेणाऱ्यांचे हाल वेगळेच होते. हवेतला ऑक्सिजन वेगळा करून देणारा कॉन्सन्ट्रेटर विजेवर चालतो. 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबई-ठाण्याची वीज गेली तेव्हा आत्यासाठी आमचा सगळा भरवसा कोपऱ्यातल्या सिलिंडरवर होता, आणि एप्रिल 2021 मध्ये तोच सिलिंडर भरून द्यायला नेहमीच्या पुरवठादाराने हात वर केले. त्याला दोष देत नाही, रुग्णालयांतच टंचाई होती. परंतु घरी कायम ऑक्सिजनवर असणाऱ्यांची गणती त्या मागणीत कोणी धरली होती का, हा माझा प्रश्न आहे. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई घरोघर गेल्या आणि सहव्याधींच्या नोंदी झाल्या, म्हणजे असे काम आपल्याकडे होऊ शकते. वॉर्ड ऑफिस, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि वीज कंपनी यांच्याकडे अशा घरांची यादी कायम असावी आणि त्यात रुग्णाचे नेहमीचे सॅचुरेशनही लिहिलेले असावे.

ब्रिटनमध्ये कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असलेल्या रुग्णांना ऑक्सिजन अलर्ट कार्ड देतात. आम्ही आत्याच्या डॉक्टरांकडून त्यांच्या लेटरहेडवर तेवढेच लिहून घेतले: नेहमीचे सॅचुरेशन किती, ऑक्सिजन कुठल्या मर्यादेत द्यायचा, आणि श्वासातून औषध घ्यायचे कोणते पंप चालू आहेत. त्याचे लॅमिनेशन करून एक प्रत तिच्या पर्समध्ये आणि एक मशीनला अडकवून ठेवली आहे. तुमच्या घरी असा रुग्ण असेल, तर पुढच्या तपासणीला जाताना डॉक्टरांना हे जरूर विचारा.