सायकल लावायची कुठं, डोक्यावर?

कोल्हापुरात महाद्वार रोडला सायकल घेऊन गेलात आणि ती लावायला सरळ, हक्काची जागा मिळाली, तर मला फोटो पाठवा. फ्रेम करून भिंतीला लावतो.

परवा देवळाजवळच्या एका पार्किंगात शिरलो. पावती फाडणाऱ्यानं आधी सायकल बघितली, मग मला.
"सायकल न्हाई घेत भावा."
"का?"
"पावती कशाची फाडू?"
म्हटलं, स्कूटरची फाड, पैसे देतो की!
"पैशाचं न्हाई. तुमची सायकल पडली आन् कुणाच्या गाडीला वरखडा आला तर मला शिव्या. बाहेर लावा कुठंबी, सायकल कोण नेतंय?"

कुठंबी म्हणजे नेमकं कुठं, बाबा? बाहेर लावली तर दुकानदार खेकसतो, "गिऱ्हाइकाची वाट अडते, पुढं घ्या." त्याची स्वतःची ॲक्टिव्हा आणि भावाची बुलेट त्याच दारात आडवी उभी, त्यांनी मात्र कुणाची वाट अडत नाही! शेवटी विजेच्या खांबाला साखळी घातली. अर्ध्या तासानं येतोय तर कुणीतरी सायकल गटारीकडं लोटून तिथं आपली मोपेड घुसवलेली. ब्रेकची लिव्हर वाकलेली, चेन उतरलेली, कॅरिअरवर उसाच्या रसाचा उष्टा ग्लास. कचराकुंडी दिसली का रे ती?

बरं, गाव केवढं? महापालिकेची हद्द ६६.८२ चौरस किलोमीटर, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेपाच लाखांच्या घरात. हद्दवाढीचं भांडण आपण पिढ्यान्‌पिढ्या लावून धरलंय, ते सोडा. रंकाळा ते बिंदू चौक, राजारामपुरी ते भवानी मंडप, सगळं दोन-तीन किलोमीटरचा खेळ. एवढ्यासाठी आपण बुलेट काढतो, पापाची तिकटीला कोंडीत अडकून हॉर्न बडवतो, आणि घरी येऊन म्हणतो, कोल्हापूरचं ट्रॅफिक लई वाढलंय. वाढणार न्हाई तर काय?

ह्याच गावात शाहू मिलचा भोंगा झाला की सायकलींचा लोंढा निघायचा, असं जुनी माणसं सांगतात. मिल २००३ ला बंद पडली. सायकल मात्र बंद न पडताच आपण तिला मोडीत काढली.

आणि टोमणे! "पेट्रोल परवडंना व्हय?" "एवढा पगार घेऊन सायकल?" गंमत बघा, रविवारी पहाटे हेल्मेट घालून पन्हाळ्याचा घाट चढणारा हिरो असतो. त्याच्या फोटोखाली 'नाद खुळा भावा'चा पाऊस. तोच माणूस सोमवारी तीच सायकल घेऊन कपिलतीर्थ मंडईत मेथीची जुडी आणायला गेला की बिचारा होतो. व्यायामाला चालते, कामाला चालत नाही.

चालवायचंही सुख आहे असं समजू नका. डाव्या कडेनं जावं तर पार्क केलेल्या मोटारींचे दरवाजे फटाफट उघडतात. जरा मधे यावं तर मागनं वडापची, म्हणजे शिटा भरून पळणारी रिक्षा नि केएमटीची बस. गटारीवरच्या जाळ्यांच्या सळ्या तर रस्त्याच्या दिशेनंच टाकलेल्या, सायकलचं चाक नेमकं बसेल एवढ्या फटी ठेवून. आडव्या टाकल्या असत्या तर काय लोखंड जास्त लागलं असतं? ज्यानं बसवल्या त्याला एकदा तिथनं सायकलवर सोडा, बघूया.

रस्त्यावरची जागा वाटताना वाहनं नव्हे, माणसं डोळ्यांपुढं ठेवा, सायकलींना वेगळी वाट द्या, हे राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात २००६ सालीच लिहून झालंय. मला सायकल ट्रॅक नकोच. गुजरीतनं ट्रॅक काढायचा म्हटला तर सोनारांना दुकानं पाडावी लागतील, एवढं मलाही कळतं. मला पाहिजे फक्त एक पाईप. जमिनीत रोवलेला, गुडघ्याच्या वर येणारा, साखळी अडकवता येईल असा लोखंडी पाईप. एक इनोव्हा उभी राहते तेवढ्या जागेत आठ-दहा सायकली सहज बसतात. दसरा चौकात पाच, बिंदू चौकात पाच, मंडईच्या तोंडाला पाच. ह्याला काय जागतिक बँकेचं कर्ज काढायचंय?

टोल नको म्हणून अख्खं गाव रस्त्यावर उतरलं आणि टोल घालवून दाखवला की नाही? मग पंधरा पाईप रोवायला काय धाड भरलीय? निधी नसेल तर तसं स्पष्ट सांगा. आमच्या पेठेत गणपतीची वर्गणी संध्याकाळच्या आत गोळा होते, पाईपची पण करतो. खड्डा खणायची परवानगी तेवढी लेखी द्या, न्हाईतर रस्ता उकरला म्हणून दंड मलाच लावाल.