उशीर का झाला, ते एफआयआरमध्येच लिहून घ्या

बलात्काराची किंवा विनयभंगाची बातमी आली की खाली पहिली कमेंट ठरलेली: ‘इतके दिवस गप्प का बसली?’ संताप येतो वाचून. असं विचारणाऱ्यांनी एफआयआरचा छापील नमुना एकदा तरी बघावा. तक्रारीला उशीर का झाला, हे लिहायला त्यात स्वतंत्र रकाना आहे. आणि अब्रूच्या, बदनामीच्या धास्तीने बाई लगेच ठाण्यात जात नाही, तेवढ्यावरून तिला खोटं ठरवू नका, असं सुप्रीम कोर्टाने 1996 मध्येच, पंजाब सरकार विरुद्ध गुरमीत सिंग या खटल्यात सांगून ठेवलंय.

घात होतो तो त्या रकान्यातच. घाईगडबडीत तो कोरा राहतो, नाहीतर सरळ ‘विलंब नाही’ असं टाइप होतं. पुढे उलटतपासात आरोपीचा वकील नेमकं तेच पान उघडतो. ‘आरोपी आमच्याच चाळीत राहतो, घरी मी एकटी होते, भाऊ गावाहून आल्यावर आले,’ एवढं साधं वाक्य पहिल्या दिवशी कागदावर असलं, की ‘हे मागाहून रचलंय’ म्हणायला त्याला जागा उरत नाही.

म्हणून फिर्याद पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नका. तारीख, वेळ, जागा तपासा. आरोपी ओळखीचा असताना ‘अनोळखी इसम’ तर लिहिलं नाही ना, ते बघा. धमकी दिली असेल तर त्याचेच शब्द जसेच्या तसे हवेत, ‘सदर इसमाने शिवीगाळ केली’ एवढ्याने भागत नाही. अशा गुन्ह्यात जबाब महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायचा असतो. प्रत लगेच आणि फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका.

‘आमची हद्द नाही’ म्हणाले तर झिरो एफआयआर मागा, म्हणजे हद्द कुठलीही असो, त्याच ठाण्यात नोंदवायचा एफआयआर. 1 जुलै 2024 पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्येच ती तरतूद आली आहे. एनसीवर, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीवर, बोळवण करून घेऊ नका, मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय तिचा तपास होत नाही. गुन्हा नोंदवायलाच नकार दिला तर फिर्याद लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपा. तरी काही हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. तपास कुठवर आला हे 90 दिवसांत कळवणंही पोलिसांवर बंधनकारक आहे.

बलात्कार झाला असेल तर आधी दवाखाना. एफआयआर नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, खासगी हॉस्पिटललाही नाही, आणि उपचार मोफत द्यावे लागतात. अंगावरचे कपडे धुऊ नका, कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये दमटपणा धरतो आणि पुरावा खराब होतो.

आता ग्रुपवाल्यांसाठी. बलात्कार पीडितेची ओळख छापली किंवा प्रसिद्ध केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली 2 वर्षांपर्यंत कैद आहे. नाव गाळून सोसायटी, कॉलेज, वडिलांचा धंदा लिहिला तरी ओळख उघडी पडतेच. अशी पोस्ट तुमच्या ग्रुपवर असेल तर अ‍ॅडमिनला आत्ताच काढायला सांगा.