बाराचे पाच

देवगडच्या आमच्या हापूसच्या बागेत वानरांवर नजर ठेवायला मी मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर; पुढे नुसता 'पाय') आणि कॅमेरा बसवायला घेतला. मांगरात लाईट नाही. आहे ती सोलरवर चार्ज होणारी बारा व्होल्टची बॅटरी, आणि पायला लागतात पाच. बारातून सात गेले, उरले पाच. दुसरीतलं पोर सांगेल!

पण आधी बारा तरी कुठे बारा असतात? 'ह्या काय, हाकेच्या अंतरावर' म्हणून दाखवलेल्या वाटेवर जेवढा विश्वास ठेवावा, तेवढाच बॅटरीवरच्या आकड्यावर. पूर्ण भरली की १२.७, दुपारी ऊन चढून चार्जिंग जोरात असलं की १४.४, आणि पहाटे दमली की बाराच्याही आत.

शेजारच्या तात्यांनी उभ्या उभ्या निकाल दिला. "इतको खटाटोप कित्या? दोन रेझिस्टन्स टाक, झाला काम!" तात्यांनी आयुष्यभर पंप दुरुस्त केले, त्यांच्याशी कोण वाद घालणार? पण पाय म्हणजे काही बल्ब नव्हे. निवांत असला की अर्धा-पाऊण अँपिअर पितो, कॅमेरा सुरू झाला की त्याची तहान वाढते. करंट बदलला की रेझिस्टन्सवरची घट बदलते आणि पाचाचे कधी सहा होतात, कधी चार.

वायरमनने खिशातून ७८०५ काढला, व्होल्टेज पाचावर बांधून ठेवणारा तीन तारांचा इवलासा रेग्युलेटर. तो पाच बरोब्बर देतो, यात शंका नाही. फक्त उरलेले सात व्होल्ट तो जाळतो. एका अँपिअरला सात वॉट नुसती धग, आणि पायच्या पदरात पाच. वैशाखात पत्र्याच्या मांगरात आणखी एक चूल कोणाला हवी होती?

शेवटी बक कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज उतरवणारं सर्किट, आणला. एलएम२५९६ चिपची निळी पट्टी, बोटभर. हा व्होल्टेज जाळत नाही. सेकंदाला दीड लाख वेळा चालू-बंद करतो, आणि ते धक्के कॉइल व कपॅसिटर मिळून सपाट करतात. पट्टीच्या कडेला पितळेचा इवलासा स्क्रू असतो. तो फिरवायचा आणि मीटर बघायचा, पाय न जोडता, कारण नव्या पट्टीतून जवळजवळ बाराच बाहेर येतात. स्क्रू फिरतोय, फिरतोय, आकडा ढिम्म. तात्या मागून "उलटो फिरव, उलटो." मग एकदम आकडा घसरू लागतो.

५.०० झाले, पाय जोडला, तर पडद्यावर पिवळ्या विजेचं चित्र, म्हणजे व्होल्टेज कमी पडतंय! मीटर पट्टीपाशी पाच दाखवत होता, पायपाशी ४.६. बाकीचे बाजारातल्या दोरा-वायरने वाटेत खाल्ले. पायच्या अधिकृत चार्जरवर ५.१ लिहिलेलं असतं, ते उगाच नव्हे. जाड आणि आखूड वायर घातली, स्क्रू ५.१ वर नेला, खाऱ्या हवेने हिरवे पडलेले बॅटरीचे टर्मिनल घासले, तेव्हा पडद्यावरची ती पिवळी वीज गेली.

तात्या खूश. "पाच व्होल्ट आसत मा? मग मोबाइल पण लाव तेका." पट्टीवर कागदोपत्री तीन अँपिअर आहेत, पण दोनाच्या वर ती चटके देते. म्हणून दुसरी पट्टी बसवली. तिच्यावर आता बागेचा नेपाळी राखणदार फोन चार्ज करतो आणि रात्री उशिरापर्यंत घरी बोलतो. वानरं आली की कॅमेऱ्याच्या आधी बोंब तोच ठोकतो.